उकिरड्यासमोरचं भजन

मुरबाडच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत मला एक खोली मिळाली. गल्लीत पंचवीस-तीस घरं, एका टोकाला मारुतीचं देऊळ, दुसऱ्या टोकाला विहीर. देवळात दर शनिवारी संध्याकाळी भजन असे.

दुसऱ्याच शनिवारी मंडळाचे बुवा माझ्या खोलीवर आले. ते धंद्याने शिंपी. गळ्यातली मोजपट्टी भजनालाही काढत नसत, त्यामुळे डोळे मिटून ते आलापात शिरले की समोरच्याला वाटे, आता माप घेणार. गल्लीत नवा माणूस आला की त्याला मंडळात घ्यायचं, असा त्यांचा नेम होता. त्यांनी मला एक ओळ म्हणायला सांगितली. मी म्हटली. बुवा अगदी हळुवारपणे म्हणाले, "मास्तर, तुमचं अक्षर कसं आहे?"

अक्षर चांगलं आहे, असं मी सांगितलं. त्यांना हायसं वाटलं. मंडळाला अर्ज, ठराव लिहायला कुणीतरी हवंच होतं, असं ते म्हणाले. भजनाला मी बसायचं, हातात टाळ घ्यायचे, पण ते एकमेकांवर आपटायचे नाहीत. लांबून वाजवल्यासारखे दिसले म्हणजे झालं. अशा रीतीने मी भजनी मंडळाचा चिटणीस झालो.

भजनी मंडळाला अर्ज आणि ठराव कशाला लागतात, हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचं उत्तर विहिरीत होतं. त्या वर्षी पावसाळ्यात गल्लीतली चार-पाच घरं हगवणीने आडवी झाली होती. दवाखान्याचे डॉक्टर येऊन विहीर बघून गेले आणि जाताना देवळाच्या पायरीवर बसलेल्या बुवांना म्हणाले की तुम्ही इतकं भजन करता ते चांगलंच आहे, पण गल्लीचं घाण पाणी विहिरीत झिरपतंय त्याचंही काही बघा. हे बुवांच्या जिव्हारी लागलं. पुढच्या शनिवारी त्यांनी मंडळाला सांगितलं की आपण देवाकडे सगळ्यांचं भलं मागतो आणि घरी जाऊन तेच पाणी पितो, हे काही बरोबर नाही. इथून पुढे मंडळ रविवारी सकाळी गल्लीचं काम करील.

ठरल्याप्रमाणे रविवारी सकाळी दहा जण खराटे, फावडी घेऊन जमले. काम करताना भजन म्हणायचं, म्हणजे कंटाळा येत नाही, ही बुवांची कल्पना. पण गाणाऱ्याला झाडताना दम लागतो. म्हणून गाणारे बाजूला उभे राहिले. गाणारे आठ निघाले. झाडायला मी आणि एक वाणी उरलो. वाण्याला त्या दिवशी सर्दी होती, पुढच्या रविवारी ती बरी झाली. मग बुवांनी पाळी लावली आणि हळूहळू गटारं मोकळी झाली, देवळाला चुना लागला, विहिरीच्या काठावरचं शेवाळ खरवडून निघालं. गल्लीतल्या बायका आम्हाला हसत, पण दारापुढचं अंगण आमच्या आधी झाडून ठेवत. भजनवाल्यांनी आपलं दार झाडावं याची त्यांना लाज वाटे.

राहिला उकिरडा.

विहिरीपासून वीस पावलांवर, थोड्या उंचवट्यावर तो होता. छातीइतका उंच. गल्लीचं घाण पाणी म्हणजे मुख्यतः त्याचंच पाणी, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पण मंडळात ते कुणी बोलत नव्हतं, कारण उकिरडा आमच्या पखवाजवाल्या काकांचा होता.

काका शेतकरी माणूस. दोन बैलजोड्या, दोन म्हशी, गावाबाहेर ओढ्यापलीकडे भाताची शेती. भाताचं रोप टाकायच्या आधी आमच्याकडे जमिनीवर शेण, पालापाचोळा पसरून ती भाजतात. त्याला राब म्हणतात. त्या राबासाठी आणि खतासाठी काका वर्षभर शेण साठवत. त्यांच्या आजोबांपासून ते याच जागेवर साठत आलं होतं आणि जागाही त्यांच्याच मालकीची होती. आणि काकांसारखा पखवाज टोकावड्यापर्यंत कुणी वाजवत नव्हतं. ते रुसले तर मंडळ संपलं, हे बुवांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून मंडळात उकिरड्याला उकिरडा म्हणत नसत. "ती वस्तू" म्हणत. तीन शनिवार त्या वस्तूवर चर्चा झाली. काका मधोमध पखवाज मांडीवर घेऊन बसलेले, त्याला कणीक लावत सगळं लक्ष देऊन ऐकायचे. शेवटी मी ठराव लिहिला की विहिरीजवळची, गल्लीच्या आरोग्यास बाधक अशी जी वस्तू आहे, ती संबंधितांनी अन्यत्र हलवावी. बुवांनी तो वाचून दाखवला. कुणी अनुमोदन देईना. तेव्हा काकांनीच हात वर केला.

"कोनाची का असंना," ते म्हणाले, "हलवा म्हनावं. गावाच्या जिवापेक्षा मोटी हाय काय?"

अनुमोदन म्हणून मी त्यांचं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ठरावाची नक्कल त्यांना द्यायला मलाच पाठवलं. काकांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ती मलाच वाचायला लावली आणि विचारलं की मला कशाला आणून दिली. मी सांगितलं की संबंधित म्हणजे तुम्हीच. काकांनी विहिरीकडे पाहिलं, उकिरड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंजी ती वस्तू ही हाय?" आणि आत निघून गेले.

त्या शनिवारी काका आले नाहीत. पखवाज मंडळाचा होता. तो वाण्याने घेतला. त्याने पूर्वी कुठल्याशा लग्नात ढोलकी वाजवली होती. बुवा एकीकडे जायचे आणि वाणी दुसरीकडे. मधेच कुठेतरी अचानक भेट व्हायची, की दोघेही दचकायचे. आरती कशीबशी आटोपली. बुवा म्हणाले, "हगवण परवडली."

पुढे काय करायचं? पंचायतीकडे अर्ज द्यावा असं मी सुचवलं, पण जागा काकांची असल्याने त्यात अर्थ नव्हता. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. जो तो सत्याग्रहाच्या गोष्टी बोलत होता. बुवांच्या डोक्यात तेच आलं. भांडायचं नाही, वाईट शब्द बोलायचा नाही. दर रविवारी सकाळी मंडळाने उकिरड्यासमोर बसून भजन करायचं. काकांचं मन पाझरेपर्यंत.

पहिल्या रविवारी आम्ही पोती अंथरून बसलो. वारा आमच्याच दिशेने होता. बुवांनी पहिला आलाप घेतला आणि तोंडात माशी गेल्यामुळे तो अर्ध्यावर सोडला. वाण्याने थाप मारली. काका पलीकडे आपल्या ओटीवर तंबाखू मळत बसले होते. पाठ आमच्याकडे होती. पहिला अभंग त्यांनी सोसला. दुसऱ्यात वाणी दोनदा घसरला तशी त्यांची मान हलायला लागली. तिसऱ्याला ते उठले, धोतर खोचून सरळ आमच्यात आले आणि वाण्याच्या मांडीवरून पखवाज उचलून घेतला.

बुवा गायचे थांबले. आता काका पखवाज फोडणार अशी माझी समजूत झाली. त्यांनी मांडी घातली, दोन्ही तोंडांवर बोटं मारून पाहिली आणि म्हणाले, "तुमी माज्या विरुद्ध म्हना, मला काय त्याचं. पन ठेका चुकला तं ते देवाच्या विरुद्ध व्हतं. म्हना."

मग जे भजन झालं तसं त्या देवळातही कधी झालं नव्हतं. शेजारच्या आळीतली माणसं ऐकायला आली. शेवटी काकांनी पखवाज गवसणीत घातला, सगळ्यांना रामराम केला आणि उकिरड्यावर शेणाची ताजी पाटी टाकायला गोठ्यात गेले.

हे असं पाच-सहा रविवार चाललं. काका वेळेवर येऊन बसत. एकदा आम्हाला उशीर झाला तेव्हा बोलावणं पाठवलं. काकी, म्हणजे त्यांची बायको, सगळ्यांना गुळाचा चहा द्यायला लागल्या. ज्याच्याविरुद्ध बसायचं तोच आमच्यात बसलेला, आणि उकिरडा बोटभर वाढलेला. चिटणीस म्हणून मी वैतागून गेलो. एकदा कपबश्या परत द्यायला गेलो तेव्हा मागच्या दारी काकी हलक्या आवाजात म्हणाल्या, "मास्तर, सोडू नका हो. वीस वर्सं झाली, मी ह्या वासात भाकऱ्या थापतंय." त्यामुळे मला धीर आला. शत्रूच्या घरातलं अर्धं मत आमच्या बाजूला होतं.

काकींनी घरात काय केलं ते मला माहीत नाही. पण पौष सरता सरता काकांनी एका शनिवारी आपणहून सांगितलं की उकिरडा हलवतो. शेतावर नेणार नाही, तिथे लक्ष ठेवायला कुणी नाही, चोरीला जाईल. शेण चोरीला गेल्याचं आमच्यापैकी कुणी ऐकलं नव्हतं, पण वाद घालायला कोण धजणार? गावाबाहेर नाल्याकाठी माळ आहे, तिथे टाकतो, असं ते म्हणाले. मंडळाने आनंदाने टाळ्या वाजवल्या. मी आभाराचा ठराव लिहिला. नाल्याकाठी कोण राहतं हा विचार माझ्या मनात आला नाही. माझ्या काय, कुणाच्याच आला नाही.

सोमवारी दोन बैलगाड्या भरून गेल्या, मंगळवारी तीन. त्या शनिवारी भजन नुकतंच सुरू झालं होतं. उजेड होता अजून. देवळासमोर एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावरची लाकडाची मोळी तिने खाली उतरवली. मी तिला ओळखत होतो. गावाबाहेरच्या वाडीतली, पन्नाशीची, काटक. मी जेवायला जायचो त्या खाणावळीत ती मोळी घालायची. वाडीतल्या लोकांना स्वतःची जमीन नव्हती. ते मोलमजुरी करत, आणि दिवाळी झाली की अर्धी वाडी कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जाई. मागे म्हातारी माणसं आणि काही बायका राहात.

ती पायरी चढली नाही. बुवांनी खुणेने विचारलं, काय हवंय. ती अभंग संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "गाड्या कोनाच्या हायत?"

काकांनी माझ्या म्हणून सांगितलं.

"शेन आमच्या डवऱ्यावर पडलाय," ती म्हणाली. डवरा म्हणजे नाल्याच्या वाळूत खणलेला खड्डा. त्यात झिरपून पाणी साठतं आणि वाडी तेच पिते. "पोरं आजारी पडतात म्हनून तुमी तुमच्या हिरीवरनं काडला. आमच्या पोरांचा काय? तुमची हीर तं तुमी आमाला भरू देत नाय. आमचा डवरा तरी आमाला ठेवा."

ती ओरडली नाही. सरपणाचा भाव सांगावा तशा आवाजात बोलली आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली.

मागच्याच शनिवारी बुवांनी सगळ्यांच्या ठायी एकच देव कसा आहे यावर निरूपण केलं होतं, तेही चांगलं रंगवून. आता ते मोजपट्टीचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिले. माझ्या वहीत आभाराचा ठराव शाईने लिहिलेला होता. मला ते पान फाडावंसं वाटलं.

पहिले उठले काका. त्यांनी पखवाज बाजूला ठेवला आणि बुवांना म्हणाले, "उद्याचा रविवार हाय ना? मग उद्या भजन नाय. उद्या पाट्या आना." मग पायरीवर येऊन त्या बाईसमोर उभे राहिले. त्यांनी तिची मोळी उचलून तिच्या डोक्यावर चढवून दिली. काकांनी वाडीतल्या बाईचं ओझं हातात धरलेलं गल्लीने कधी बघितलं नव्हतं.

रविवारी आम्ही नाल्याकाठी गेलो. शेण माळावरून घसरून खाली डवऱ्यावर आलं होतं आणि तिथवर गाडी उतरत नव्हती. त्यामुळे डवऱ्याजवळचं शेण पाट्यांनी उचलून वर गाडीपर्यंत आणायचं आणि तिथून ओढा ओलांडून काकांच्या शेतावर न्यायचं, असं ठरलं. गाणारे आठही जण होते. या खेपेला कुणालाच सर्दी झाली नव्हती. बुवा धुतलेलं पांढरं धोतर नेसून आले, कारण दुसरं वाळत होतं. तासाभरात त्याचा रंग सांगता येईना. वाण्याला डोक्यावर पाटी घ्यायची सवय नव्हती. तो ती पोटाशी धरून चालला आणि घरी गेल्यावर त्याच्या बायकोने त्याला मागच्या अंगणात उभं करून चार घागरी ओतल्या. मी चढणीवर घसरलो आणि पाटीसकट बसलो. वाडीतल्या बायका हे सगळं बघत होत्या. आधी तोंडाला पदर लावून, मग उघड. ती मोळीवाली बाई खाली आली, माझी पाटी भरली आणि ती डोक्यावर कशी तोलायची ते दाखवलं. मान ताठ ठेव, खाली बघू नको, पाय आपसूक वाट शोधतात, असं तिने सांगितलं. शाळेतली पोरं माझं जितकं ऐकत नसत, तितकं मी तिचं ऐकलं.

दुपारपर्यंत जागा साफ झाली. वाडीने डवरा बुजवून थोडा वर नवा खणला. काकांनी त्यात स्वतः उतरून वाळू उपसली.

पण डवऱ्याने भागण्यासारखं नव्हतं. तिने विहिरीचं जे म्हटलं होतं ते सगळ्यांच्या कानात राहिलं होतं. पुढच्या शनिवारी बुवांनीच विषय काढला. यावेळी "ती वस्तू" वगैरे नाही, सरळ बोलले. वाडीला विहीर खुली करू या. यावर मात्र मंडळ दुभंगलं. आठातले तिघे उठून गेले. दोन घरांनी सांगितलं, त्या बाया पाणी भरणार असतील तर आम्ही भरणार नाही. वाणी दोन्ही बाजूंना मान हलवत होता. काका म्हणाले की उकिरड्याला मी अनुमोदन दिलं तेव्हा मला ठाऊक नव्हतं कशाला देतो. आता ठाऊक आहे, आताही देतो.

विहिरीवर वाजतगाजत काही झालं नाही. पहिल्या दिवशी मोळीवाली बाई एकटी आली, तीही दुपारी, कुणी नसताना. काकी आधीच कळशी घेऊन तिथे उभ्या होत्या. दोघींनी एकाच रहाटावर पाणी काढलं. कोण काय बोललं ते काकींनी नंतर मला सांगितलं. ती म्हणाली पाणी गोड आहे, आणि काकी म्हणाल्या, हल्लीच झालंय. महिन्याभरात वाडीतल्या चार-पाच जणी यायला लागल्या. वेळ तेवढी दुपारचीच राहिली. सकाळी यायला त्यांना पुढची दोन वर्षं लागली, हेही सांगितलं पाहिजे. रुसलेली दोन घरं पेठेतल्या दुसऱ्या विहिरीवर जाऊ लागली. वैशाखात ती विहीर आटली. एका सकाळी दोन्ही घरच्या बायका हंडे घेऊन आमच्या विहिरीवर आल्या, कुणाकडे न बघता पाणी भरून गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून इतक्या सहज यायला लागल्या, जसं काही मधे झालंच नव्हतं. त्यांना कुणी काही बोलायचं नाही, असं बुवांनी मंडळाला बजावलं होतं. मंडळाने ते पाळलं, फार जड गेलं तरी.

उठून गेलेल्या तिघांपैकी दोघे गोकुळाष्टमीला परत आले. तिसऱ्याने शेजारच्या आळीत वेगळं मंडळ काढलं. त्यांना पखवाजवाला मिळेना, म्हणून उत्सवाला ते काकांना बोलावत आणि काकाही जात.

उकिरड्याच्या मोकळ्या जागेचं काय करायचं यावर पावसाळाभर वाद चालला. बुवांना तुळशीवृंदावन हवं होतं, मला वाचनालय, वाण्याला बाकं. काका म्हणत, माझी जागा आहे, पण तुम्ही ठरवा. आमचं ठरेपर्यंत तिथे आपोआप एक भोपळ्याचा वेल उगवला. तीन पिढ्यांच्या शेणावर वाढलेली ती जमीन. वेल पंधरा दिवसांत कुंपणावर गेला, महिन्याभरात काकांच्या गोठ्यावर. भोपळे इतके लागले की कुणाचे म्हणायचे ते कळेना. जागा काकांची, मेहनत मंडळाची, बी कुणाचंच नाही. गल्लीत घरोघर वाटले, वाडीत नेऊन दिले, तरी उरले. त्या श्रावणात प्रत्येक शनिवारी प्रसाद म्हणून भोपळ्याच्या घाऱ्या होत्या. पाचव्या शनिवारी बुवांनी घारी हातात घेऊन मारुतीकडे बघितलं आणि काही न बोलता खाल्ली.

दोन वर्षांनी माझी बदली शहापूर तालुक्यात शेणव्याकडे झाली. तिकडे कल्याणवरूनच जावं लागे. निघताना गल्लीतले बरेच जण एसटीपर्यंत आले. काकांनी पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. ते पेलवेना म्हणून मी खाली ठेवलं. भोपळाच होता, दहा शेरांच्या वरचा. कंडक्टर म्हणाला टपावर टाका. काकांना ते पटेना, टपावरून पडला तर फुटेल. त्यांनी कंडक्टरला समजावलं, मास्तर मांडीवर घेतील. मी खिडकीपाशी बसलो आणि काकांनी तो आत माझ्या मांडीवर नीट ठेवला, मग जरा फिरवून देठ माझ्याकडे केला. बोटांनी त्यावर दोनदा थाप मारून आवाज ऐकला.

"पिकलाय बरा," ते म्हणाले. "पोचलाव की लगेच कापा."

गाडी सुटली. कल्याणपर्यंत माझे दोन्ही पाय बधिर झाले होते.